प्लेटलेट कमी झाल्या, म्हणून लगेच आयव्हीआयजी घ्यावे का?

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गुलियन बॅरे सिंड्रोमचे म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले आणि 'आयव्हीआयजी' हे नाव घरोघरी पोचले. एक इंजेक्शन सुमारे 20 हजार रुपयांचे आणि एका रुग्णाला अशी अनेक लागतात, हे सर्वांनी बातम्यांत वाचले. तेव्हापासून दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो: "डॉक्टर, मुलाच्या प्लेटलेट कमी आहेत. ते पुण्याचे इंजेक्शन द्यायचे का?"

प्रश्न अगदी योग्य आहे. आयटीपी या रक्ताच्या आजारात हे औषध खरोखर वापरतात. पण बहुतेक वेळा उत्तर "लगेच नको" असे असते.

हे औषध काय करते?

आयटीपीमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटना शत्रू समजते. त्यांवर अँटिबॉडी चिकटतात आणि प्लीहेतील पेशी त्या प्लेटलेट गिळून टाकतात. आयव्हीआयजी म्हणजे हजारो निरोगी दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या केलेल्या अँटिबॉडी. त्या शिरेतून दिल्या की प्लीहेतील पेशी त्यांतच गुंततात आणि प्लेटलेट वाचतात. 1981 मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉ. पॉल इम्बाख यांनी मुलांमध्ये हा परिणाम दाखवला.

प्लेटलेट एक ते चार दिवसांत वाढू लागतात, पण परिणाम साधारण दोन ते चार आठवडेच टिकतो. हे औषध आजार मुळापासून बरा करत नाही, फक्त वेळ मिळवून देते.

मग केव्हा घ्यावे?

गंभीर रक्तस्राव, तातडीची शस्त्रक्रिया, किंवा स्टिरॉइड चालत नसतील तेव्हा. फक्त रिपोर्टवरचा आकडा पाहून नव्हे. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, नव्याने आयटीपी झालेल्या मुलाला रक्तस्राव नसेल किंवा त्वचेवर फक्त लाल ठिपके असतील, तर औषधाऐवजी लक्ष ठेवणे योग्य. बहुतेक मुले काही महिन्यांत आपोआप बरी होतात. प्रौढांमध्येही प्लेटलेट 30 हजारांच्या वर असतील आणि रक्तस्राव नसेल, तर सहसा थांबता येते.

आता हिशेब पाहा. नेहमीचा डोस वजनाच्या प्रत्येक किलोला 1 ग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 60 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 12 बाटल्या. वरच्या दराने एका दिवसाचे 2 लाख 40 हजार रुपये! दागिने गहाण ठेवण्याआधी "हे आजच का लागते?" असे डॉक्टरांना जरूर विचारा.

तुटवडा का होतो?

हे औषध माणसाच्या रक्तातूनच बनते, आणि प्लाझ्मा गोळा करण्यापासून बाटली तयार होईपर्यंत अनेक महिने जातात. मागणी अचानक वाढली तरी उत्पादन लगेच वाढवता येत नाही. जगातील प्लाझ्माचा मोठा भाग एकट्या अमेरिकेतून येतो. 2020 मध्ये कोरोनामुळे तिथले दाते घटले आणि त्याची झळ इतर देशांनाही बसली. म्हणून गरज नसताना वापरलेली बाटली जीबीएसच्या किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाला कमी पडू शकते.

तुम्ही काय करावे?

- प्लेटलेट कमी दिसल्या की आधी डेंग्यू आणि इतर कारणे तपासून घ्या.
- अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.
- असह्य डोकेदुखी, न थांबणारा घोळणा, तोंडात रक्ताचे फोड, काळी शौच यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठा. तिथे खर्चासाठी वेळ घालवू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे आरोग्यमित्राला विचारा.
- मूत्रपिंडाचा आजार किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर आधीच सांगा.
- आयव्हीआयजी दिल्यावर गोवर-गालगुंडाची लस आठ ते अकरा महिने पुढे ढकलावी लागते. लसीकरणाच्या कार्डावर तशी नोंद करून घ्या.

आणि शक्य असेल तर रक्तदान करा. तुमच्या रक्तातून वेगळा होणारा प्लाझ्माही वाया जाऊ नये, कारण हे औषध त्यातूनच बनते.