पोट, क्रंचेस आणि बैठका

परवा रक्ताचा रिपोर्ट आला. साखर काठावर! वय वर्षं फक्त २८. पण दौंड-पुणे गाडीत बसा, ऑफिसात बसा, परत गाडीत बसा... दुसरं काय होणार?

घरीच रोज शंभर क्रंचेस सुरू केले. महिन्याभरात पोट कडक झालं, पण चरबीच्या आत! पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी जळत नाही, हे इंजिनिअरला उशिरा कळलं. शिरूरचे मामा म्हणाले, "बैठका मार." पटलं. मांड्या-नितंबांचे स्नायू सगळ्यात मोठे, राबवले की साखरही भरपूर ओढतात. सोबत बारा सूर्यनमस्कार. औंध संस्थानाने (साताऱ्याकडचं हो, पुण्यातलं नव्हे) ते शाळांतून शिकवले होते. वजन मात्र ताटावरच जास्त ठरतं, म्हणून स्टेशनवरचा वडापाव बंद. हेच सगळ्यात अवघड!

तीन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट. बघू.