जळूच्या दोरीवरचे सफाई कामगार

आमच्या चाळीतल्या एका भगिनीचे यजमान बांधकामाच्या परांचीवरून पडले. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचे सगळे सुन्न झाले. ती माउली आम्हाला विचारू लागली, "भाऊ, मोडलेलं हाड जुळतं, मग ही नस का जुळत नाही?" आम्ही पडलो बी.कॉम., दिवसभर जमाखर्चाच्या वह्यांत मान घातलेले. उत्तर देता आले नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी वाचनालय गाठले, आणि शोधता शोधता थेट जळूपर्यंत जाऊन पोहोचलो. वाचकहो, हसू नका.

जळू आमच्या पिढीने पाहिलेली आहे. गावच्या डबक्यात म्हशी धुताना पोटरीला चिकटायची आणि मीठ टाकल्याशिवाय सुटायची नाही. शास्त्रज्ञांनी मात्र युरोपातली औषधी जळू घेऊन तिचे मज्जातंतू वर्षानुवर्षे तपासले आहेत. तिला आपल्यासारखा एकच मोठा मेंदू नाही. पोटाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीपर्यंत एक दोरी जाते, तिच्यावर मण्यांसारख्या २१ गाठी, शिवाय दोन्ही टोकांना एकेक मोठी गाठ. एका मण्यात चेतापेशी सुमारे ४००. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज. एवढा लहान हिशोब असल्यामुळेच जळूत नेमके काय घडते ते डोळ्यांनी पाहता येते.

आता चेतापेशी म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी. त्यांच्या अवतीभवती दुसऱ्या पेशी असतात. १८५६ साली जर्मनीच्या विर्खो यांनी या भरावाला जे नाव दिले, त्याचा अर्थ सरळ सरळ 'डिंक' असा होतो. म्हणजे काम काय, तर चिकटवून ठेवणे! पुढे १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने पेशी रंगवून दाखवून दिले की या डिंकात एक वेगळीच जात आहे. आकाराने लहान, फांद्या फुटलेली, आणि इजा झाली की फांद्या आवरून घाण गिळायला निघणारी. अशाच पेशी जळूतही असल्याची नोंद त्यांनीच केली. या माणसाला त्याचे फळ काय मिळाले? गुरू काहाल यांच्याशी बिनसले आणि १९२० मध्ये प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे यादवी युद्धामुळे देशही सुटला. १९४५ मध्ये ब्यूनस आयर्सला त्यांचे निधन झाले.

जळूची दोरी चिमट्याने चेंगरली की काय होते ते ऐका. चेंगरलेल्या जागी रासायनिक इशारे तयार होतात. फुटलेल्या पेशींतून एटीपी नावाचे द्रव्य सांडते, ते या लहान पेशींना जागे करते. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, तो त्यांना जखमेपाशी थांबवतो. काही तासांतच दोरीच्या आतून सरकत सरकत त्या तिथे गर्दी करतात आणि मेलेला भाग खाऊ लागतात. मग तुटलेल्या तंतूला फुटवा येतो, आणि काही आठवड्यांत जळू पुन्हा पहिल्यासारखी पोहू लागते. या पेशींची गर्दी होऊ दिली नाही, तर फुटवाही कमी येतो, असे प्रयोगात दिसले आहे. आधी झाडलोट, मग बांधकाम! ज्यांच्या घरात झाडूखात्यातली नोकरी आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

केळ्यावर घोंघावणारी चिमुकली माशी आपण हाताने हाकलतो. तिच्यात या जातीच्या खास पेशी नाहीत, तरी काम अडत नाही. तिथे मज्जातंतूंना वेढून बसणाऱ्या डिंकपेशीच हे काम करतात. मिशी कापली की वास आणणारे तुटलेले तंतू त्या काही दिवसांत गिळून टाकतात. त्यासाठी 'ड्रेपर' नावाचे प्रथिन लागते, हे २००६ मध्ये अमेरिकेत दाखवले गेले. ते नसलेल्या माशीत तुटके तंतू कित्येक आठवडे तसेच पडून राहतात.

मग माणसाचे काय? आपल्याकडेही या सफाईपेशी आहेत आणि जखमेकडे धावतात. हातापायातली नस तुटली तर ती हळूहळू, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, वाढू शकते. पाठीच्या कण्यातली गोष्ट वेगळी. आपल्या तंतूंवर चरबीचे वेष्टण असते, जळूला ते नाही. ते फाटले की त्याचा कचरा फार हळू उचलला जातो, आणि त्यातली काही द्रव्येच नव्या फुटव्याला अडवतात. वर व्रण धरतो. म्हणून नस जुळत नाही. यावर जगभर संशोधन चालू आहे, पण जुळवून देणारे औषध आज कोणाकडेही नाही.

हे आम्ही त्या भगिनीला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने पदराखालून एक चिठ्ठी काढली. कोणी भोंदू मणक्यावर जळवा लावून नस जोडून देतो म्हणाला होता, आणि त्यासाठी ती मंगळसूत्र मोडायला निघाली होती. जळू स्वतःची नस जोडते, आपली नाही, हे तिला पटायला अर्धी रात्र गेली. आता ती दर दोन तासांनी यजमानांची कूस बदलते, पाठीला जखम होऊ देत नाही. लघवीची नळी स्वच्छ कशी ठेवायची ते सिस्टरकडून शिकली. अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज आम्ही भरून दिला आहे. सोमवारी तो घेऊन तिच्याबरोबर जायचे आहे.