साथीची तयारी आणि पडद्यावरचा वर्ग

२०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले आणि त्यांच्या मृत्यूचे कारण बर्ड फ्लू असल्याचा निर्वाळा भोपाळच्या प्रयोगशाळेने दिला. त्याआधी चार वर्षे, २०२१ च्या जानेवारीत, परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या याच रोगाने दगावल्या होत्या. पक्ष्यांचा रोग हा लगेच माणसांचा रोग होत नाही, हे खरे. परंतु इन्फ्ल्यूएन्झाचा विषाणू रूप पालटण्यात मोठा तरबेज आहे, आणि २०२४ मध्ये तो अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये आढळल्यापासून शास्त्रज्ञांची चिंता वाढली आहे. २० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य परिषदेने महासाथीविषयीचा करार संमत केला तो याच काळात. जिनिव्हात संमत झालेला करार बिलोली तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचणार, हा प्रश्न मात्र तेथे कोणी विचारला नसावा. आजवरचा अनुभव पाहता तो एका चित्रफितीच्या रूपाने पोहोचेल.

हा अनुभव २०२० चा आहे. करोनाची साथ आली तेव्हा केंद्र शासनाने एप्रिल महिन्यात 'दीक्षा' या मंचावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पाठ उपलब्ध करून दिले. डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेवक, आशा या सर्वांनी ते मोबाईलवर पाहावेत, शेवटी प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि प्रमाणपत्र घ्यावे, अशी ती योजना. टाळेबंदीत सभागृहे भरवता येत नव्हती आणि लक्षावधी माणसांना एकाच वेळी सांगायचे होते. तेव्हा हा मार्ग अवलंबला यात शासनाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. यंत्राला केवळ यंत्र म्हणून विरोध करणे हे श्रमिकांच्या बाजूने विचार करणाऱ्यांचे काम नव्हे. आक्षेप आहे तो साथ ओसरल्यावरही हाच मार्ग पुरेसा मानण्याच्या वृत्तीला. प्रमाणपत्रांची संख्या अहवालात चढली की तयारी झाली, असा हिशेब नोकरशाहीला फार सोयीचा असतो.

वास्तविक दुरून शिकवण्याची कल्पना या देशाला नवी नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारचे आंध्र आणि कर्नाटक होते. त्या प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्यात आले. पण तेथे शिक्षकांना पडद्यासमोर बसवून सोडून दिले गेले नाही. त्यांच्या हाती छापील पुस्तिका होत्या, जोडीला आकाशवाणीचे पाठ होते, आणि प्रत्येक केंद्रावर शंका सोडवणारा, साहित्य हाताळून दाखवणारा मार्गदर्शक होता. पन्नास वर्षांपूर्वी जे सुचले, ते प्रत्येकाच्या खिशात पडदा आल्यावर का विसरले जावे?

बिलोलीचा विचार करताना तिची जागा ध्यानात घेतली पाहिजे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा तालुका. मांजरेच्या पलीकडे तेलंगण. बोधन आणि निजामाबादच्या बाजारपेठा येथील माणसाला परक्या नाहीत. नातीगोती नदीच्या दोन्ही तीरांवर आहेत, मजुरीसाठी हैदराबादेकडे जाणे नित्याचे आहे. घरात मराठी, तेलुगू, उर्दू यांची सरमिसळ आहे. उलट नांदेडचे शासकीय रुग्णालय सुमारे ७५ ते ८० किलोमीटर दूर. शेजारच्या धर्माबाद तालुक्यातील काही गावांनी २०१८ मध्ये तेलंगणात सामील करून घेण्याची मागणी केली. ती रागाच्या भरात केली असे म्हणून हसण्यावारी नेणे सोपे होते. तिच्यामागे सोयीसुविधांच्या उपेक्षेची तक्रार होती, याचा विचार किती जणांनी केला?

१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात शिरलेला इन्फ्ल्यूएन्झा रेल्वेच्या रुळांवरून देशभर पसरला आणि त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. हैदराबाद-मनमाड लोहमार्ग तेव्हा धर्माबाद-नांदेडवरून धावतच होता. निजामाच्या राज्यात त्याच सुमारास दुष्काळ होता. १९२१ च्या खानेसुमारीत हैदराबाद संस्थानची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली दिसते. आज विषाणूला रुळांची गरज नाही. हैदराबादच्या विमानतळावर उतरलेला रोग मजुराच्या संगतीने एका रात्रीत मांजरा ओलांडू शकतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात, ३ ऑगस्ट रोजी नोंदला गेला. पुण्याजवळ राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था होती, नायडू रुग्णालय होते, वृत्तपत्रे होती. बिलोलीच्या एखाद्या वाडीत एकाच आठवड्यात दहा घरी ताप आणि धाप आली, तर ती गोष्ट प्रथम कोणाच्या ध्यानी येईल? आशाच्या. पुण्यात जे काम प्रयोगशाळा करते, त्याचा आरंभ येथे एका बाईच्या डोळ्यांनी आणि तिच्या वहीने व्हायचा आहे.

आणि ते काम केवळ पाहून येत नाही. तान्ह्या मुलाचा श्वास मोजायचा तर छाती उघडी करून, मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. दोन महिन्यांच्या आतील मुलाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक, एका वर्षाच्या आत ५० वा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक असला तर धोका. हे आकडे चित्रफीत सांगते. पण रडणाऱ्या मुलाचा श्वास मोजताना कोठे चुकते, ते शेजारी बसलेली अनुभवी परिचारिकाच सांगू शकते. हातमोजे आधी काढावेत, मुखपट्टी सर्वांत शेवटी, हा क्रम ऐकायला सोपा आहे. थकलेल्या हातांनी तो पंचवीस वेळा गिरवल्यावाचून अंगवळणी पडत नाही, आणि चुकला तर रोग सेवा करणाऱ्याच्याच घरी जातो. इन्फ्ल्यूएन्झावरील गोळ्या पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्या तर अधिक गुणकारी ठरतात. तेव्हा तिने ओळखले, पुढे पाठवले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्याच नसल्या, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरारंभी चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. ज्या रुग्णालयाकडे बिलोलीने रुग्ण पाठवायचा, त्याची ही अवस्था साथ नसताना होती.

आता या शिक्षणाची किंमत कोण देतो ते पाहू. २००५ पासून आशा शासनाच्या लेखी 'स्वयंसेविका' आहे. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. पाठ पाहायला लागणारा वेळ तिचा, मोबाईल बहुधा तिचा, रिचार्जही तिचाच. करोनाकाळात केंद्राने तिला महिना १००० रुपये जादा दिले. २०२१ च्या जूनमध्ये राज्यातील सुमारे ६८ हजार आशांना संपावर जावे लागले, तेव्हा कोठे राज्य शासनाने मोबदल्यात १००० रुपयांची कायम वाढ आणि ५०० रुपयांचा साथभत्ता मान्य केला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. ते वारंवार बंद पडत होते आणि त्यांत भरावयाची माहिती इंग्रजीत मागितली जात होती. मराठी शाळेत शिकलेल्या बाईने इंग्रजीत माहिती भरावी, असा आग्रह धरणाऱ्यांनाच खरे तर प्रथम प्रशिक्षणाची गरज होती.

या बाबतीत जुन्या समाजवाद्यांनाही आत्मपरीक्षण टाळता येणार नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता राजवटीत, राजनारायण आरोग्यमंत्री असताना, हजार वस्तीमागे एक लोकआरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू झाली. कल्पना उत्तम होती. परंतु तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन एवढ्यावर गावाचे आरोग्य सोपवले गेले. सेवाभावाच्या नावाखाली स्वस्त श्रम घेण्याची वहिवाट तेथूनच पडली, आणि पुढच्या सर्व राजवटींनी ती चालू ठेवली.

मराठवाड्याच्या शिवेवरील जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निराळी वाट दाखवली होती. तेथील ग्राम आरोग्य सेविकांमध्ये निरक्षर आणि दलित स्त्रिया पुष्कळ होत्या. त्या दर आठवड्याला केंद्रावर येत, गावात काय घडले ते सांगत, एकमेकींकडून शिकत आणि परत जात. शिक्षण तेथे कधी 'पूर्ण' होत नसे. पडद्याला त्या आठवडी बैठकीची जागा घेता येणार नाही. मात्र दोन बैठकांमधल्या दिवसांत तो उपयोगी पडू शकतो. शंका विचारली असता त्याच दिवशी उत्तर मिळत असेल, आणि ते उत्तर सीमेवरच्या गावात तेलुगूतूनही मिळत असेल, तर मोबाईल हे मोठेच साधन ठरेल. आज बहुतेक पाठांत बोलणारा एकटा पलीकडचा असतो. अलीकडची बाई काय पाहते, हे विचारण्याची सोयच त्यांत ठेवलेली नसते.

इन्फ्ल्यूएन्झाचा जोर आपल्याकडे पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस वाढतो. तेव्हा पावसाळ्यापूर्वी बिलोलीतील कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन काही साध्या गोष्टींची चौकशी करावी. किती आशांनी पाठ पाहिले हे विचारू नये, तो आकडा तयारच असतो. मुखपट्ट्या आणि हातमोजे किती आहेत, इन्फ्ल्यूएन्झाच्या गोळ्यांची मुदत कधी संपते, प्रत्यक्ष सराव शेवटचा कोणत्या तारखेला झाला, त्या दिवसाचा मोबदला आणि एसटीचे भाडे आशांना मिळाले काय, तापाचे रुग्ण अचानक वाढल्याचे आशाने कळवले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडून किती तासांत माणूस येतो, हे विचारावे. निजामाबादच्या आरोग्य खात्याशी येथील अधिकाऱ्यांचा थेट संपर्क आहे काय, हेही विचारावे. मिळालेली उत्तरे गावागावांत ग्रामसभेपुढे वाचून दाखवावीत आणि त्यांची एक प्रत जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीकडे पाठवावी.