तडजोड करा, पण दार कायमचे बंद का?

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार १५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला वंश, रंग, धर्म, लिंग किंवा राष्ट्रीय मूळ पाहून भेदभाव करता येत नाही. तक्रार केली म्हणून सूड उगवणेही बेकायदा आहे. कागदावर हे चोख आहे. पण कोर्टकचेरी लांबते, घरभाडे थांबत नाही, आणि बरेच तक्रारदार तडजोडीला तयार होतात. त्या तडजोडनाम्यात पैशांच्या आकड्याखाली एक कलम हळूच बसलेले असते: ‘यापुढे या कंपनीत किंवा तिच्या उपकंपन्यांत कधीही नोकरी मागणार नाही.’

मला हे कलम अन्यायाचेच दुसरे रूप वाटते. भेदभाव करणारा साहेब खुर्चीवर राहतो आणि ज्याने तोंड उघडले त्याच्यासाठी दार बंद होते. बाकीचे सहकारी यातून काय शिकतील? गप्प बसा, एवढेच.

मालकांची बाजूही ऐकू या. ते म्हणतात, संबंध इतके बिघडल्यावर पुन्हा एकत्र काम कसे करायचे? शिवाय अर्ज नाकारला की सुडाचा नवा दावा उभा राहील. ही भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक अर्ज गुणवत्तेवर तपासणे आणि नकाराचे कारण नोंदवून ठेवणे. माणसाला आयुष्यभर बाद करणे हा उपाय नव्हे.

कंपनी मोठी असेल तर हे कलम किती पसरते पाहा. कॅलिफोर्नियात वंशभेदाची तक्रार करणाऱ्या एका डॉक्टरसमोर असाच करार ठेवला गेला. त्या वैद्यकीय गटाने पुढे दुसऱ्या रुग्णालयाचे काम घेतले, तर तिथूनही त्याला काढता येणार होते. २०१८ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने हा व्यवसायावरचा मोठा अडसर मानला आणि करार लागू करायला नकार दिला.

त्याच वर्षी व्हर्माँटने लैंगिक छळाच्या तडजोडींत असे कलम घालण्यास मनाई केली. १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियाने नोकरीविषयक तक्रारींच्या तडजोडींत त्यावर बंदी आणली. हा कायदा आंधळा नाही. तक्रारदारानेच लैंगिक छळ केल्याचे मालकाने प्रामाणिकपणे ठरवले असेल, तर अपवाद आहे. आणि योग्य, भेदभावरहित कारण असेल तर पुन्हा कामावर घेण्याची सक्तीही नाही. मला हा तोल पटतो.

आपल्याकडे तर चर्चा याच्याही आधी अडते. संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करू देत नाही. खासगी क्षेत्रासाठी मात्र तसा सर्वंकष कायदा नाही. तो मागताना आपण तरुणांनी तडजोडीच्या अटींचाही विचार मागणीत घ्यायला हवा. नाहीतर हक्क मिळेल आणि तो वापरणाऱ्यालाच त्याची शिक्षा भोगावी लागेल.

तोवर परदेशात असा कागद समोर आला, तर रक्कम पाहण्याआधी अटी वाचा. उपकंपन्या आणि भावी मालक त्यात आहेत का, ते वकिलाला विचारा. हे कलम काढायला सांगा. काढत नसतील, तर निदान त्याची मुदत आणि व्याप्ती कमी करून घ्या. सही झाली की मग घासाघीस उरत नाही.