दोन कड्यांचा हिशेब

विजापूरच्या गोल घुमटात आपल्यापैकी अनेकजण जाऊन आले असतील. वरच्या सज्जात एकाने भिंतीशी कुजबुजावे आणि सुमारे ३८ मीटर दूर, समोरच्या बाजूला कान लावणाऱ्याने ते स्पष्ट ऐकावे! आवाज गोल भिंतीला धरून सरकत जातो. आमची भाची हाच प्रकार प्रकाशाच्या बाबतीत अभ्यासते. रात्री उशिरापर्यंत ती संगणकासमोर बसते आणि अम्मी विचारते, "एवढं काय करतेस गं?" तिने सांगितले ते आम्हांला समजले तसे मांडतो.

चिपवर काचेसारख्या पदार्थाची बारीक कडी असते. काही कड्या केसाच्या जाडीएवढ्याच. ठरावीक रंगाचा प्रकाश तिच्यात फेऱ्या मारत साठत जातो. हा अनुनादक. प्रकाश फार साठला की कडीचा पदार्थच किंचित बदलतो आणि तिचा जुळलेला सूर सरकतो. म्हणून प्रकाश दुप्पट सोडला तर परिणामही दुप्पट होईल, असा भरवसा नाही. यालाच अरेषीय वर्तन म्हणतात.

आता शेजारी तशीच दुसरी कडी ठेवा. एकीतला प्रकाश दुसरीत झिरपतो. कधी दोघी शांत राहतात, कधी हुबेहूब सारख्या असूनही एक उजळते आणि दुसरी मंदावते, तर कधी दोघींचा ताल पार बिघडतो. एकेकटीचा हिशेब करून हे कळत नाही. चिप बनवणे खर्चाचे. म्हणून आधी संगणकावर काळाचे बारीक तुकडे पाडून दोघींचा हिशेब एकत्र चालवतात.

पण संगणकही फसवतो. १९६१ साली हवामानाचे गणित करताना एडवर्ड लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला आणि पुढचे सारे हवामानच वेगळे निघाले! त्यातच काळाचे तुकडे मोठे घेतले, तर कड्यांत नसलेली थरथरही पडद्यावर दिसू लागते.

म्हणून भाची तुकडा निम्मा करून तेच गणित पुन्हा चालवते. मागच्या आठवड्यात तिची एक सुंदर आकृती या कसोटीत पुसली गेली. पंधरा दिवसांचे काम तिने स्वतःच रद्द केले. घरात सगळे हळहळले. आम्हांला मात्र त्या रात्री तिचा फार अभिमान वाटला. आपल्या घरातही असे कोणी रात्री जागत असेल, तर चहा ठेवा आणि आज काय चुकले ते आवर्जून विचारा.