बावन्न दिवसांचं कुलूप

दिवाळीत पाळणाघरं बंद असतात, पण ते आधी ठाऊक असतं. रजा टाकता येते, गावाहून आजीला बोलावता येतं. मावशी आजारी पडल्या किंवा घरमालकानं जागा मागितली, तर मात्र आदल्या रात्री निरोप येतो. मग सकाळी घरात प्रश्न पडतो: आज कोण थांबणार? (उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि बाबांनी ते क्वचितच ठरवलेलं असतं.)

4 डिसेंबर 2023 पासून हा प्रश्न राज्यभरच्या गावा-वस्त्यांत उभा राहिला. सुमारे दोन लाख अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, त्या 25 जानेवारीपर्यंत. पोरांचा गरम आहार अडला, वजनाच्या नोंदी अडल्या. कुपोषित मुलाचं वजन दर महिन्याला बघावं लागतं. मधले रकाने कोरे राहिले तर घसरण कधी सुरू झाली ते कळत नाही. रोजंदारीवरची आई अशा वेळी तान्ह्याला बांधावर झोळीत टाकते, नाहीतर थोरलीला शाळेतून घरी बसवते. हजेरीपटावर थोरलीचा खाडा लागतो, त्याचं कारण कुणी लिहीत नाही.

बालकांना वेठीस धरलं, असा ठपका सेविकांवर आला. आम्हाला तो मान्य नाही. तेव्हा सेविकेचं मानधन होतं महिना 10,000 रुपये, मदतनीसाचं 5,500. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्येच मान्य केला होता. तरी तो पदरात पडावा म्हणून त्यांना रस्त्यावर बसावं लागलं.

मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा बोर्डी-कोसबाडचा प्रयोग. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेनं अंगणवाडी देशभर नेली. तिला पन्नास वर्षं झाली, पण बहुतेक ठिकाणी अंगणवाडी आजही दुपारीच सुटते. आई मात्र संध्याकाळी परतते. मधल्या तासांचं कुलूप संपाशिवायच लागतं, म्हणून त्याची बातमी होत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीडकडच्या ऊसतोड टोळ्या फडाच्या वाटेला लागलेल्या असतील. त्यांच्या लेकरांची अंगणवाडी गावात उघडीच राहते, तीस-चाळीस पटाच्या नोंदीसकट. लेकरं मात्र फडात. अंकाचा पहिला विभाग आम्ही त्यांच्यासाठी राखला आहे. फराळ झाल्यावर वाचा, पण वाचा.