सही कुठं करू बे?

ऑफिसातलं प्रेझेंटेशन कधी संपतं? बॉसची मेल आली की. लघुचित्राला, म्हणजे मिनिएचरला, बॉस नसतो आणि तिथेच सगळी गोची होते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर महिनोन्‌महिने मान मोडून बसलेला माणूस आणखी एक पान, आणखी एक मोती करत राहतो आणि चांगलं जमलेलं चित्र बिघडवतो.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला एमआयडीसीत शिफ्ट करणारा माझा एक मित्र सध्या याच फेऱ्यात आहे. वीणा घेतलेली तोडी रागिणी, भोवती हरणं. एका जुन्या दख्खनी चित्राची ही नक्कल करायला त्याला चार महिने लागले. बारीक रेघा झाल्या, सोनं लागलं, सगळ्यात शेवटी डोळे उघडले. मग रात्री साडेअकराला फोन. "सही कुठं करू बे?"

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. चित्र पालथं घालून पाठीमागून अकिकाच्या दगडाने घोटलं, की कागद काचेसारखा गुळगुळीत होतो. त्यावर ओला रंग नीट धरत नाही आणि इथे कंट्रोल-झेड नसतं! त्यामुळे सही शेवटच्या घोटाईच्या आधी, ब्रशनेच, चित्रातल्याच रंगात करावी. काळं जेल पेन नको, प्लीज.

मुघल चित्रकार तर सही चक्क लपवायचे. कधी पायाशी दगडावर, कधी हातातल्या पुस्तकावर, तीही स्वतःला चाकर म्हणवून. जहांगीराने आठवणींत लिहून ठेवलंय, की चेहरा एकाचा आणि डोळे-भुवया दुसऱ्याच्या असल्या तरी कोणतं काम कोणाचं हे आपण ओळखतो. असा बॉस मिळाला तर सही हवी कशाला?

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही'ची पोथी आहे, १५६०च्या दशकातली, निजामशाही अहमदनगरची. कवी आफताबीचं नाव कळतं, चित्रकारांचं नाही. त्याहून वाईट म्हणजे हुसेन निजामशहाशेजारची राणी खुंजा हुमायूँ बहुतेक चित्रांतून नंतर कुणीतरी झाकून टाकली. चित्रकाराने चित्र पुरं केलं होतं. 'फिनिशिंग' भलत्यानेच केलं.

मित्राची खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. एका दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, सही करूच नको, कागद चहाच्या पाण्याने जुना करू, डबल पैसे मिळतील. लोहाऱ्यात घर बांधायला काढलेल्या माणसाला डबल म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला ईएमआयवाल्यांना कळतं. "पण मंग चार महिने मी काय केलं म्हणून सांगू?" हे त्याचंच वाक्य.

शेवटी त्याने चित्रामागे पेन्सिलीने लिहिलं, 'मूळ दख्खनी चित्रावरून', खाली गाव आणि साल. दुकानदाराचा विषय संपला. समोरची सही अजून बाकी आहे. हरणाच्या खुराशी एक दगड आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. तिथे करणार म्हणतोय. सध्या रद्दी कागदावर गिरवणं चालू आहे.